एकमेकांचे प्रोग्रामिंग प्रोजेक्ट तपासताना न्याय कसा राखायचा: शिक्षकांसाठी पायरीपायरीने

विद्यार्थ्यांना एकमेकांचे प्रोजेक्ट तपासायला दिले आणि ‘दहापैकी गुण द्या’ एवढंच सांगितलं, की पुढे काय होतं ते शिकवणाऱ्या कुणालाही माहीत आहे. सगळ्यांना आठ किंवा नऊ. अळीमिळी गुपचिळी. एखादा जुना राग काढून चार देतो, आणि मग आठवडाभर शिक्षकाच्या दाराबाहेर तक्रारींची रांग लागते. यावरून ‘मुलांना प्रामाणिकपणे गुण देता येत नाहीत’ असं म्हणून हा नाद सोडून देणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. मुलांना विचारलेला प्रश्नच असा होता, की त्याचं प्रामाणिक उत्तर त्यांच्याजवळ नव्हतं. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ‘हा प्रोजेक्ट किती चांगला आहे’ हे सांगता येईलच असं नाही. ‘रीडमीत (प्रोजेक्ट कसा चालवायचा ते सांगणाऱ्या फाइलीत) दिलेल्या कमांड एकामागोमाग चालवल्यावर प्रोग्राम सुरू झाला का’ हे मात्र त्याला नक्की सांगता येतं.

या लेखात सांगितलेली सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे: मुलांकडून मत मागायचं नाही, त्यांनी काय पाहिलं ते मागायचं. गुण त्यातून निघतात.

पायरी १: दोन वेगळी कामं एका फॉर्ममध्ये कोंबू नका

दुसऱ्या गटाचा प्रोजेक्ट तपासणं हे एक काम. आपल्याच गटातल्या सहकाऱ्याने किती वाटा उचलला हे सांगणं हे दुसरं. पहिल्यात समोर कोड असतो, दुसऱ्यात समोर माणूस असतो आणि त्याच्याशी उद्याही बोलायचं असतं. दोन्हींना लागणारा पुरावा वेगळा, धोके वेगळे आणि गुणांचा हिशेबही वेगळा. एकाच फॉर्मच्या शेवटी ‘तुमच्या गटातल्या प्रत्येकाला पाचपैकी गुण द्या’ अशी ओळ चिकटवली, तर दोन्हींची वाट लागते.

गुणांची वाटणी प्रोजेक्ट सुरू होण्याआधी लिहून जाहीर करा. १०० गुणांच्या प्रोजेक्टला मी साधारण अशी वाटणी सुचवेन: ७५ गुण शिक्षकाचे, १५ सहाध्यायांनी केलेल्या तपासणीचे, आणि १० प्रत्येकाने स्वतः केलेल्या तपासणीच्या दर्जाचे. पहिले ९० गटाचे, शेवटचे १० ज्याचे त्याचे. सहाध्यायांच्या हातात १५ पेक्षा फार जास्त गुण दिले की तपासणीचा व्यवहार होतो, देवाणघेवाण सुरू होते. अगदीच शून्य दिले तर कुणी मनावर घेत नाही. गटांतर्गत वाट्याचा हिशेब या वाटणीनंतर, वेगळा करायचा. त्याकडे पुढे येतो.

पायरी २: निकष असे लिहा की दोन अनोळखी माणसांचं उत्तर एकच यावं

इथे वेळ घाला. बाकीच्या पायऱ्यांत थोडं इकडेतिकडे झालं तर चालतं, पण निकष पातळ असतील तर नंतरचं कुठलंही गणित ते सावरू शकत नाही.

पाच निकष पुरतात: प्रोजेक्ट सांगितल्याप्रमाणे सुरू होतो का, मागितलेल्या गोष्टी करतो का, चुकीच्या इनपुटला कसा वागतो, कोड दुसऱ्याला वाचता येतो का, आणि चाचण्या लिहिल्या आहेत का. प्रत्येकाला ० ते ३ गुण, म्हणजे एकूण १५. पातळ्या चारच ठेवा. पाच ठेवल्या की मधली एक सापडते आणि ज्याला डोकं चालवायचं नाही तो सगळीकडे मधल्यावर टिचकी मारून मोकळा होतो.

आता एक निकष जवळून पाहू. ‘एरर हँडलिंग: उत्तम, चांगले, बरे, वाईट’ असं लिहिलं, तर ‘बरे’ म्हणजे काय हे प्रत्येक जण आपापल्या मनाने ठरवणार. त्याऐवजी असं लिहा:

० – दिलेल्या सहा चुकीच्या इनपुटांपैकी एकाने तरी प्रोग्राम बंद पडला किंवा चुकीची माहिती साठवली गेली.
१ – प्रोग्राम बंद पडला नाही आणि चुकीचं काही साठवलंही गेलं नाही, पण वापरणाऱ्याला काय चुकलं ते कळलं नाही (काहीच संदेश नाही, किंवा नुसतं ‘एरर’).
२ – सहाही वेळा संदेश आला, पण एक-दोन ठिकाणी तो दिशाभूल करणारा होता.
३ – सहाही वेळा नेमकं काय चुकलं आणि काय करायचं ते सांगितलं, आणि आधी भरलेली माहिती पुसली गेली नाही.

ते सहा इनपुट कोणते, हेही तुम्हीच ठरवून द्या. रिकामं नाव, संख्येच्या जागी अक्षरं, ऋण संख्या, लीप वर्ष नसताना २९ फेब्रुवारी, देवनागरीतलं लांबलचक नाव, आणि ‘सबमिट’चं बटण भराभर दोनदा दाबणं. शेवटचा इनपुट साधा दिसतो, पण एकच नोंद दोनदा गेल्याची उदाहरणं त्यातून हमखास सापडतात. हे सहा प्रोजेक्टच्या विषयाप्रमाणे बदला. गेम असेल तर तारखेचा काय संबंध.

‘कोड वाचता येतो का’ हा निकष सगळ्यांत घसरडा. इथे ‘नावं अर्थपूर्ण आहेत’ असलं काही लिहून भागत नाही. तपासणाऱ्याला एक कृती द्या: कोणतंही एक फंक्शन निवड, ते काय करतं हे दोन वाक्यांत लिही, आणि लिहिताना कुठे अडलास त्या ओळीचा क्रमांक दे. दोन वाक्यं न अडखळता लिहिता आली तर गुण वर जातात. तीन फाइली उघडूनही लिहिता आली नाहीत तर खाली येतात. त्या दोन वाक्यांवरून तपासणाऱ्याने कोड खरंच वाचला का, हेही तुम्हाला कळतं.

‘कल्पकता’, ‘मेहनत’, ‘एकूण छाप’ हे निकष काढून टाका. कल्पकतेला गुण द्यायचे असतील तर ते तुमच्या ७५ मधून द्या. सहाध्यायाच्या हातात ‘एकूण छाप’ गेली की चकचकीत स्क्रीनवाला प्रोजेक्ट पुढे जातो, आणि डेटाबेसचं काम नीट केलेला काळ्या टर्मिनलवरचा प्रोजेक्ट मागे पडतो. सादरीकरणही याच कारणासाठी शेवटी ठेवा. आधी कोड तपासून फॉर्म बंद झाला पाहिजे, मग गटांनी वर्गासमोर प्रोजेक्ट दाखवावा. छान बोलणाऱ्याचा कोडही छान वाटू लागतो, आणि हे विद्यार्थ्यांच्याच बाबतीत होतं असं नाही.

पायरी ३: खऱ्या तपासणीआधी एक कच्ची फेरी

तक्ता कितीही नेटका असला तरी प्रत्येकाच्या डोक्यातला ‘२’ वेगळा असतो. तो जुळवून घ्यायला एक तास द्या. तीन छोटे नमुना प्रोजेक्ट घ्या. एक दिसायला देखणा पण आत गोंधळ असलेला. एक साधा दिसणारा पण पक्का. एक खरोखर मधला. जुन्या बॅचचे वापरणार असाल तर त्यांची लेखी परवानगी घ्या आणि नावं काढा, नाहीतर स्वतः तयार करा. तुमचे स्वतःचे गुण आधी लिहून ठेवा, मुलांना दाखवू नका.

सगळ्यांनी आपापले गुण भरल्यावर ते फळ्यावर मांडा. चर्चा गुणांवर करायची नाही, फरकांवर करायची. एकाने ३ दिले आणि दुसऱ्याने १, तर दोघांनी काय पाहिलं ते सांगायचं. बऱ्याचदा असं निघतं की एकाने ऋण संख्या टाकून पाहिलीच नव्हती. कधी असंही निघतं की तुमचा निकष दोन अर्थांनी वाचता येतो. मग तिथल्या तिथे वाक्य बदला. मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या सॉफ्टवेअरच्या ‘वर्कशॉप’ मॉड्यूलमध्ये नमुना प्रोजेक्टवर असा सराव करून घेण्याची सोय आहे. मूडल नसेल तर एक सामायिक शीट पुरते.

पायरी ४: कोण कुणाचं तपासणार

‘तू माझं तपास, मी तुझं’ अशी जोडी चुकूनही होऊ देऊ नका. सोपी युक्ती: गटांना क्रमांक द्या आणि ठरावीक अंतराने सरका. समजा १२ गट आहेत. प्रत्येक गटाने आपल्या पुढचा पहिला, तिसरा आणि पाचवा प्रोजेक्ट तपासायचा. १२ नंतर पुन्हा १. म्हणजे गट ४ ला ५, ७ आणि ९. गट १० ला ११, १ आणि ३. कोणत्याही दोन अंतरांची बेरीज १२ होत नाही, आणि एकच अंतर दुप्पट केलं तरी १२ होत नाही, म्हणून दोन गट कधीच एकमेकांच्या वाट्याला येत नाहीत. इथे चुकून ६ हे अंतर घेतलं असतं तर सगळ्याच जोड्या समोरासमोर आल्या असत्या. गटांची संख्या वेगळी असेल तर हीच बेरीज तपासून अंतरं निवडा. क्रमांक मात्र चिठ्ठ्या टाकून द्या. हजेरीच्या क्रमाने दिलेत तर शेजारी बसणारे मित्र पुन्हा शेजारीच येतात.

गटाने एकत्र बसून एक फॉर्म भरायचा नाही. प्रत्येकाने एकट्याने भरायचा. चौघं एकत्र बसले की एक बोलतो आणि तिघं मान डोलावतात. एका प्रोजेक्टला पाच स्वतंत्र मतं मिळाली तरी हिशेबाला आधार मिळतो. दोनच असतील तर मधलं मत काढण्याला काही अर्थ उरत नाही. एका विद्यार्थ्याकडे तीनपेक्षा जास्त प्रोजेक्ट देऊ नका. चौथ्या प्रोजेक्टपर्यंत सगळे फॉर्म सारखेच दिसायला लागतात.

पायरी ५: नावं झाका, पण किती झाकली जातील याचा भ्रम नको

कोडमधून नाव बऱ्याच वाटांनी बाहेर येतं. फाइलच्या डोक्यावरची कॉमेंट, रीडमीतली ‘टीम’, लायसन्सची फाइल, जावातलं पॅकेजचं नाव, स्क्रीनशॉटमध्ये दिसणारा होम फोल्डरचा पत्ता, लॉगिनसाठी ठेवलेला नमुना ईमेल. आणि सगळ्यांत मोठी वाट म्हणजे गिटचा, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल कुणी आणि कधी केला ते नोंदवणाऱ्या साधनाचा, इतिहास. रिपॉझिटरीची लिंक देऊ नका. ‘गिट आर्काइव्ह’ने झिप काढा; त्यात त्या वेळच्या फाइली येतात, इतिहास येत नाही. नावं काढण्याचं काम गटांनाच द्या आणि त्याची चेकलिस्ट द्या, नाहीतर तो भार तुमच्यावर येईल.

त्याच वेळी पासवर्ड आणि एपीआय की असलेल्या फाइली बाहेर गेल्या नाहीत ना, ते बघा. आणि दुसऱ्याचा कोड आपल्या मशीनवर तसाच चालवायचा नसतो, हेही शिकवून टाका. कंटेनर किंवा व्हर्च्युअल मशीन (बाकी मशीनपासून वेगळी ठेवलेली जागा), नाहीतर लॅबमधलं वेगळं खातं.

तीस-चाळीस जणांच्या वर्गात कुणी काय बनवतंय ते सगळ्यांना महिनाभर आधीपासून माहीत असतं, त्यामुळे प्रोजेक्ट कुणाचा हे फार काळ लपत नाही. खरं महत्त्व दुसऱ्या बाजूला आहे: तपासणारा कोण हे प्रोजेक्टवाल्यांना कळता कामा नये. शिक्षकाला मात्र ते दिसलंच पाहिजे. पूर्ण अनामिकपणात कुणीही काहीही लिहून जातं.

पायरी ६: तपासणीचं सत्र

मायकेल फेगन यांनी १९७६ मध्ये आयबीएममधली कोड इन्स्पेक्शनची पद्धत मांडली. तिच्यातल्या दोन गोष्टी आजही वर्गात जशाच्या तशा चालतात. एक, प्रत्येकाने आधी एकट्याने वाचून यायचं. दोन, बैठकीत दोष शोधायचे. ते कसे दुरुस्त करायचे यावर तिथे वाद घालायचा नाही. विद्यार्थ्यांना दुसरी गोष्ट जड जाते. ‘मी असतो तर हे जावास्क्रिप्टमध्ये केलं नसतं’ हा दोष नव्हे, ही आवड आहे. तिला फॉर्ममध्ये जागा नाही.

चार हजार ओळींचा कोड एका दमात कुणी वाचत नाही, मागितलं तर चाळून परत देतात. सिस्को कंपनीतल्या कोड रिव्ह्यूंचा स्मार्टबेअर या सॉफ्टवेअर कंपनीने अभ्यास केला होता. त्यावरून दिलेला सल्ला असा, की एका बैठकीत २०० ते ४०० ओळींच्या पुढे जाऊ नये. ते अनुभवी लोक होते. विद्यार्थ्यांसाठी खालचा आकडा धरा. त्यातला अर्धा भाग प्रोजेक्टवाल्यांनी निवडायचा: ‘आमचं खरं काम इथे आहे’. उरलेला अर्धा तपासणाऱ्याने स्वतः निवडायचा. दोन्हींच्या दर्जात जमीन-अस्मानाचा फरक दिसला तर ती स्वतःच एक नोंद आहे.

क्रम असा ठेवा. आधी रीडमी वाचून कोऱ्या मशीनवर प्रोजेक्ट सुरू करणं. पंधरा मिनिटांत सुरू झाला नाही तर नेमकी कोणती कमांड कुठे अडली ते लिहून शिक्षकाला कळवणं. मग ठरलेले सहा इनपुट. मग कोड. शेवटी चाचण्या चालवणं आणि त्यातली एक उघडून ती खरंच काही तपासते का ते पाहणं. कारण ‘एक बरोबर एक’ एवढंच तपासणाऱ्या चाचण्या हिरव्या (म्हणजे पास) दिसतात आणि गुणही मिळवून जातात. एका प्रोजेक्टला तास-सव्वातास लागतो. तिन्ही एकाच दिवशी करू देऊ नका.

पायरी ७: शेरा कसा लिहायचा हे दाखवा

नुसतं ‘सविस्तर लिहा’ सांगितलं की लांबलचक पण पोकळ लिहिलं जातं. दोन शेरे शेजारी ठेवून दाखवा.

पहिला: ‘कोड चांगला आहे पण अजून सुधारणा करता येईल. एरर हँडलिंगकडे लक्ष द्यावे.’

दुसरा: ‘ऑर्डर फाइल, ओळ ८२. प्रमाण ऋण ५ टाकलं तर ऑर्डर स्वीकारली जाते आणि एकूण रक्कम ऋण दिसते. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तसंच झालं. प्रमाण शून्याहून मोठं आहे का हे साठवण्याआधी तपासलेलं दिसत नाही. म्हणून या निकषाला ०.’

दुसऱ्या शेऱ्यात जागा आहे, कृती आहे, परिणाम आहे आणि तक्त्यातला गुण कुठून आला तेही आहे. प्रोजेक्टवाल्याला तो पाच मिनिटांत पडताळता येतो. नियम एका वाक्याचा करा: जिथे ३ पेक्षा कमी गुण, तिथे फाइल, ओळ आणि काय घडलं ते लिहायचं, ३ दिले तरी काय करून पाहिलं ते लिहायचं. उगाच चांगले गुण वाटणारे या दुसऱ्या अर्ध्या नियमाने अडतात.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आल्यापासून एक नवी अडचण झाली आहे. दुसऱ्याचा कोड त्यात चिकटवायचा आणि आलेला शेरा फॉर्ममध्ये डकवायचा. एकतर तो कोड त्याच्या मालकाला न विचारता बाहेर जातो. दुसरं, शेरा गुळगुळीत येतो आणि कुठल्याही प्रोजेक्टला चालतो. बंदी घालून हे थांबत नाही. प्रत्यक्ष चालवल्यावर आलेल्या आउटपुटचा स्क्रीनशॉट आणि ओळ क्रमांक सक्तीचा केला, की डकवलेला शेरा निदान पटकन ओळखू येतो.

पायरी ८: आकड्यांचा हिशेब

सरासरी काढू नका, मध्यक काढा. समजा एका प्रोजेक्टला पाच जणांनी १५ पैकी ११, १२, १२, ५ आणि १३ दिले. सरासरी १०.६ येते. चढत्या क्रमाने लावल्यावर मधला आकडा १२. एकट्या ५ ने सरासरी दीड गुणाच्या आसपास खाली ओढली, मध्यकाला ते जमलं नाही.

पण तो ५ फेकून देण्याआधी त्याचा शेरा वाचा. हे मला या सगळ्या प्रक्रियेतलं सर्वांत महत्त्वाचं काम वाटतं. शक्यता आहे की त्याने सूड उगवला. तेवढीच शक्यता आहे की पाचांपैकी त्या एकट्याने बटण दोनदा दाबून पाहिलं आणि नोंद दोनदा गेलेली पाहिली. चार जण चुकीचे आणि एक बरोबर, हे कोडच्या बाबतीत वारंवार होतं, कारण बग मतदानाने ठरत नाही. सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या गुणांत पाचपेक्षा जास्त अंतर असेल, तर तो प्रोजेक्ट तुम्ही स्वतः उघडायचा आणि वादग्रस्त मुद्दा चालवून बघायचा. तक्रार खरी निघाली तर त्या निकषाचे गुण तुम्ही बदलायचे आणि ‘का’ ते एका ओळीत लिहायचं.

कडक आणि मवाळ तपासणाऱ्यांचे गुण गणिताने ‘दुरुस्त’ करण्याचा मोह होतो. प्रत्येकाने तीनच प्रोजेक्ट तपासले असतील तर त्या तीन आकड्यांवरून त्याचा स्वभाव ठरवता येत नाही. कदाचित त्याच्या वाट्याला खरंच तीन कच्चे प्रोजेक्ट आले असतील. कच्च्या फेरीतले त्याचे गुण तुमच्या गुणांशी ताडून पाहा. तिथेही तो सातत्याने तीन-चार गुण खाली असेल, तर त्याचे शेरे जरा जास्त काळजीने वाचा. एवढं पुरे.

पायरी ९: तपासणाऱ्याचीही तपासणी

पायरी १ मधले तपासणीच्या दर्जाचे ते १० गुण कशाचे? मूडलचं ‘वर्कशॉप’ प्रोजेक्टचा एक आणि तपासणीचा एक असे दोन वेगळे गुण देतं. तपासणीचा गुण काढताना ते तुमचे गुण बाकीच्यांच्या किती जवळ आहेत हे बघतं. सोय चांगली आहे, पण नुसती तिच्यावर विसंबू नका. जवळ राहण्याला गुण मिळतात हे कळलं, की विद्यार्थी प्रोजेक्ट सोडून ‘बाकीचे किती देतील’ याचा अंदाज बांधायला लागतात आणि सगळे आठावर येऊन थांबतात. ज्याने खरा बग एकट्याने पकडला त्याचंच नुकसान होतं.

त्यापेक्षा प्रत्येकाच्या तीन फॉर्मांतला एक चिठ्ठी टाकून निवडा आणि तीन गोष्टी पाहा: शेऱ्यात जागा आणि परिणाम दिलेत का, ते पडताळल्यावर खरे निघतात का, दिलेला गुण तक्त्याशी जुळतो का. शेवटी प्रोजेक्टवाल्यांना विचारा की कोणत्या शेऱ्यामुळे त्यांनी कोडमध्ये खरोखर काही बदललं. गुण विचारू नका, फक्त शेऱ्याचा क्रमांक.

पायरी १०: गटाच्या आत कुणी किती केलं

आता दुसरं काम. प्रत्येक गटात आयत्या बिळावरचा एखादा नागोबा असतो अशी सगळ्यांची समजूत, आणि ती बऱ्याचदा खरी. पण त्याच्या उलटा एक प्रकारही असतो, त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही: बाकीच्यांनी लिहिलेला कोड रात्रीत पुसून स्वतः पुन्हा लिहिणारा. गिटच्या आकडेवारीत तोच नायक दिसतो. ज्यांचा कोड पुसला गेला ते आळशी दिसतात.

म्हणून कमिटच्या (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलांच्या) संख्येवरून कुणाचाही वाटा ठरवू नका. एका लॅपटॉपवर दोघांनी बसून लिहिलं तर कमिट एकाच्याच नावावर पडते. कमिटमध्ये सहलेखकाचं नाव सांगणारी ‘को-ऑथर्ड-बाय’ची ओळ टाकायची सवय लावली तर हे सुटतं. एकच जण घरून आणि लॅबमधून वेगळ्या ईमेलने काम करतो आणि दोन माणसं दिसतो. ‘मेलमॅप’ फाइलने ती एक करता येतात. पॅकेज-लॉकसारखी आपोआप बनणारी फाइल एका कमिटमध्ये हजारो ओळी भरते. स्क्वॅश करून मर्ज केलं की वीस कमिटांची एक होते. इतिहास उपयोगी आहे, पण प्रश्न विचारण्यासाठी: ‘शेवटच्या पंधरवड्यात तुझं नाव दिसत नाही, काय करत होतास?’ उत्तर ‘चाचण्या हाताने करत होतो, हे बग रिपोर्ट’ असं असू शकतं. अहवाल, स्लाइड आणि नोंदी ज्याच्या गळ्यात पडतात त्याचं कामही काम आहे. हे वाटप कुणी केलं, हेही एकदा विचारा.

आकड्यांसाठी ब्रिटनमधल्या लफबरो विद्यापीठातून आलेल्या ‘वेबपीए’ची कल्पना साधी आहे: एकमेकांनी दिलेल्या गुणांवरून प्रत्येकाचा गुणक काढायचा आणि गटाचे गुण त्याने कमी-जास्त करायचे. कागदावर करण्याजोगं रूप देतो. चौघांच्या गटात प्रत्येकाने स्वतःला वगळून उरलेल्या तिघांत १०० गुण वाटायचे. समजा क ने ख, ग, घ यांना ३५, ४०, २५ दिले. ख ने क, ग, घ यांना ३५, ४०, २५. ग ने क, ख, घ यांना ४०, ३५, २५. आणि घ ने क, ख, ग यांना ३३, ३३, ३४. मिळालेल्यांची बेरीज: क १०८, ख १०३, ग ११४, घ ७५. शंभराने भागलं की गुणक निघतो: १.०८, १.०३, १.१४ आणि ०.७५.

गटाला ९० पैकी ७२ मिळाले असतील आणि गुणक सरळ लावला, तर घ ५४ वर येतो आणि ग ८२ वर जातो. हे मला जास्त वाटतं, कारण तिघांच्या संगनमताला यात फार मोठा वाव मिळतो. म्हणून निम्मे गुण सगळ्यांना सारखे आणि निम्म्यांनाच गुणक: ३६ अधिक ३६ गुणिले गुणक. मग क ७४.९, ख ७३.१, ग ७७.०, घ ६३. फरक जाणवतो, पण कुणाचं वर्ष बुडत नाही.

गुणक ०.८ च्या खाली किंवा १.२ च्या वर गेला तर तो आपोआप लावायचा नाही. आधी त्या गटातल्या प्रत्येकाशी वेगळं बोलायचं. दहा मिनिटांची तोंडी परीक्षा घ्या: घ ला त्याच्या वाटणीचं म्हटलं जाणारं एक फंक्शन दाखवा आणि एक छोटा बदल करायला सांगा. ज्याने ते लिहिलं आहे तो चुकत-माकत का होईना, योग्य ठिकाणी हात घालतो. ज्याने नाही तो फाइल शोधत बसतो. ग लाही हीच परीक्षा द्या. एआयकडून लिहून घेतलेल्या कोडचाही निकाल इथेच लागतो.

प्रत्येक आकड्यासोबत एक वाक्य मागा, आणि ते वागणुकीबद्दल असावं. ‘तो सहकार्य करत नाही’ हे चालणार नाही. ‘ठरलेल्या चार बैठकींपैकी तीनला आला नाही आणि लॉगिनचं काम मुदतीनंतर आठ दिवसांनी दिलं’ हे चालेल. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या ‘कॅटमी’ या साधनात प्रत्येक पातळीपुढे अशीच वागणुकीची वर्णनं दिलेली असतात. त्याच धर्तीवर आपल्या भाषेत पाच-सहा वाक्यं तयार ठेवा.

आणि हे सगळं शेवटी एकदाच करू नका. प्रोजेक्टच्या मध्यावर एक फेरी घ्या, गुणांशिवाय. ज्याचा आकडा खाली आला त्याला तुम्ही एकट्याला बोलावून सांगा, कुणी किती दिले ते न सांगता. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात: कुणाला कामच दिलेलं नसतं, कुणी गिटमध्ये अडकून लाजेने गप्प बसलेला असतो.

पायरी ११: हरकतीची खिडकी

निकाल लावण्याआधी प्रत्येक गटाला शेरे दाखवा आणि ४८ तास द्या. हरकत फक्त वस्तुस्थितीवर घ्यायची: ‘ओळ ८२ बद्दलचा शेरा चूक आहे, तपासणी ओळ ६० वर केली आहे, हा आउटपुट.’ ‘आम्हाला कमी दिले’ ही हरकत नाही. निर्णय तुमचा, लेखी आणि अंतिम. हा नियम पहिल्याच दिवशीच्या कागदावर असावा, नंतर आणला तर तो कुणाविरुद्ध तरी आणला असंच वाटतं.

निकालानंतर अर्धा तास स्वतःसाठी ठेवा. प्रत्येक निकषाला मिळालेल्या गुणांमधलं अंतर मांडा. ज्या निकषावर तपासणाऱ्यांत सर्वांत जास्त फाटाफूट झाली, तो पुढच्या सत्रासाठी पुन्हा लिहा. माझ्या अंदाजाने तो वाचनीयतेचाच असेल. आणि ज्या दोन-तीन प्रोजेक्टांवर वर्ग सर्वांत जास्त विभागला गेला, त्यांच्या गटांकडून लेखी परवानगी घेऊन ठेवा. पुढच्या बॅचच्या कच्च्या फेरीला त्याहून चांगले नमुने मिळणार नाहीत.